आठ पाऊण सहा: किनाऱ्यावर पाहुणे पक्षी बघायला निघताना या चुका टाळा

दिवाळी सरली की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, पंचवीस डिसेंबरला सुट्टी आहे, अलिबागला जाऊन येतो, काय काय दिसेल?" "सर, नाथसागरावर फ्लेमिंगो आलेत का? रविवारी लेकरांना घेऊन येतो." फोन बीडचा असतो, जालन्याचा असतो, परभणीचा असतो, एखादा पार उदगीरहून येतो. सगळ्यांना मनापासून पक्षी बघायचे असतात आणि मला ते आवडतं. पण मी उलटा प्रश्न विचारतो, "त्या दिवशी तिथी कोणती आहे?" आणि पलीकडचा माणूस गप्प होतो.

सतरा वर्षं मी लोकांना पक्षी दाखवायला नेतो आहे. हिवाळ्यात पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर, आणि वर्षातून दोनदा कोकणच्या किनाऱ्यावर. इतक्या वर्षांत चुका त्याच आहेत, माणसं तेवढी बदलतात. आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: लोक पक्ष्याची तयारी करून येतात, पाण्याची करत नाहीत. दुर्बीण नवी असते, कॅमेरा नवा असतो, पक्ष्याचं नाव पाठ असतं. पाणी त्या वेळी कुठं असेल, याचा विचार कुणी केलेला नसतो. किनाऱ्यावरचा पक्षी पाण्याच्या वेळापत्रकावर जगतो. आपल्या सुट्टीशी त्याचा संबंध नाही.

ही गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या माणसाला पटकन उमगत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. आपण पाणी बघतो ते विहिरीचं, तळ्याचं, धरणाचं. ते सकाळी जिथं असतं, संध्याकाळी तिथंच असतं. समुद्र तसा नाही.

भरती-ओहोटी न बघता निघणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि चौदा माणसांना घेऊन केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

डिसेंबरचे दिवस होते. गेवराईहून दुपारी दोनला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. सोबत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. रात्री अकराला अलिबाग. सगळे दमलेले, म्हणून मी म्हटलं, सकाळी आरामात उठा. आंघोळी झाल्या, चहा झाला, पोहे झाले, आणि सव्वादहाला आम्ही आक्षीच्या किनाऱ्यावर उतरलो. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो तर समोर नुसती ओली वाळू. पाणी इतकं आत गेलेलं की लाटेचा आवाजसुद्धा नीट येत नव्हता. पक्षी होते, शेकड्यांनी होते, पण पाण्याच्या कडेला, दूरवर, तिळाएवढे. दुर्बिणीतून पाहिलं तरी तीळ ते तीळच, वरून उन्हाची झळ हलत होती. पाचवीतला एक मुलगा राहवेना म्हणून तरातरा पुढं गेला. तो अर्ध्या वाटेवर पोचायच्या आधीच सगळा थवा उठला, एक वळण घेतलं आणि खाडीच्या पलीकडं जाऊन बसला. संपलं.

तिथं एक बाई वाळू उकरून तिसऱ्या (शिंपले) वेचत होत्या. आमची तारांबळ त्यांनी पाहिली असावी. कंबर सरळ करून त्यांनी विचारलं, "पाखरा बघाया आलाव? आज आठम हाय ना? सकाली पानी हितवर आलता, पाखरा सगली हितंच व्हती." आणि बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "आठ पाऊण सहा."

मला आमचे आजोबा आठवले. पावकी, निमकी, पाऊणकी त्यांना तोंडपाठ होती. बाजारात ज्वारीचा हिशोब ते त्याच्यावर करायचे. त्याच पाऊणकीवर कोकणातली माणसं समुद्राचा हिशोब करतात. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहाटेची एक आणि संध्याकाळची एक, कारण दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते, चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो म्हणून. त्या दिवशी भरती सकाळी सहाच्या सुमारास झाली होती. उजाडताना सात-साडेसातपर्यंत पक्षी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि आम्ही तेव्हा लॉजवर गरम पाण्यासाठी रांगेत उभे होतो.

आमच्यातली दोन कुटुंबं त्याच रात्री परतली, त्यांना रजा एकाच दिवसाची होती. उरलेले आम्ही दुसऱ्या दिवशी, नवमीला, अंधारातच किनाऱ्यावर जाऊन बसलो. उजाडलं तेव्हा पाणी पायांपासून तीस पावलांवर होतं. कुरव (सीगल) रांगेत उभे, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. कालवफोड्याची जोडी, लालभडक लांब चोच, काळं-पांढरं अंग. आणि लाटेच्या कडेला सँडरलिंगचा घोळका. हा पक्षी मुठीत मावेल एवढा, पांढराशुभ्र. लाट मागं सरली की तिच्या मागं धावत जातो, ओल्या वाळूत चार-सहा वेळा चोच खुपसतो, लाट फिरली की पुढं धावत सुटतो. पाय इतके वेगानं चालतात की दिसत नाहीत. बाकी तुताऱ्यांना, म्हणजे सँडपायपरांना, पायाला मागचं बोट असतं, याला नसतं. तो घोळका आमच्यापुढून दोनदा गेला. कुणी बोललं नाही. मला मात्र परत गेलेली ती दोन कुटुंबं डोळ्यांपुढून जाईनात.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. कोकणचा किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडं बघताना ऊन पाठीवर असतं, दुपारनंतर डोळ्यांत. म्हणजे आपल्याला हवी सकाळची भरती, आठ ते दहाच्या दरम्यानची. पाऊणकी उलटी करा: एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. या तीन तिथी धरून मी सहल ठरवतो. महिन्यात दोनदा येतात. भिंतीवरच्या कुठल्याही दिनदर्शिकेत दिसतात. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागा धरून बसायचं आणि हलायचं नाही. पाणी चढत येतं तसतसं ते पक्ष्यांना आपल्याकडं ढकलत आणतं. आपण पक्ष्याकडं गेलो तर तो उडतो, पाण्यानं आणला तर तो निवांत असतो. पाऊणकीचं उत्तर अर्धा तास इकडंतिकडं होतं, आणि खाडीत आत गेलं की भरती आणखी उशिरा पोचते. म्हणून निघायच्या आदल्या रात्री भरती-ओहोटीचा तक्ताही बघून घ्या. पण सुट्टी कोणती टाकायची ते ठरवायला पाऊणकी पुरते.

शिवडीचा हिशोब वेगळा. तिथं भर भरतीला चिखलच झाकून जातो, रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उठून दुसरीकडं जातात. तिथं पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी पोचा किंवा तेवढ्याच वेळानं नंतर. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार-साडेचार मीटर चढतं. अशा वेळी खाडीतले पक्षी मिठागरांत जाऊन विसावतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 साली ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. तेव्हापासून आपल्याकडून जाणारी माणसं वाढली आहेत. पुष्कळजण भर दुपारी पोचतात आणि "काही दिसलं नाही" म्हणत येतात.

नाथसागराची पातळी न बघता येणं

नाथसागरालाही भरती-ओहोटी आहे, फक्त ती वर्षातून एकदा येते.

जायकवाडीच्या धरणाचं लोकार्पण 1976 सालचं, पक्षी अभयारण्य 1986 सालचं. पाणलोट उथळ आणि पसरट, त्यामुळं पाणी हातभर उतरलं तरी काठ कुठल्या कुठं सरकतो. याच उथळपणामुळं इथं पक्षी येतात. धरण काठोकाठ भरलेलं असताना मात्र पाणी बाभळींत आणि शेतांच्या बांधांत शिरलेलं असतं, चिखल उघडा नसतो. मग तुताऱ्या आणि चिखले, हे चिखलात चरणारे पक्षी, उतरणार कुठं? बदकं असतात, पण मध्यावर, डोळ्यांच्या पलीकडं. रब्बीची आवर्तनं सुटली, डाव्या-उजव्या कालव्यांतून पाणी जायला लागलं की काठ उघडा पडत जातो. तिथं गाळपेराची पिकं उभी राहतात, आणि पिकाच्या कडेच्या चिखलात पाहुणे पक्षी उतरतात.

आपल्याकडं धरणात किती टक्के पाणी आहे हे प्रत्येक घरात माहीत असतं, पेपरात रोज येतं. तोच आकडा पक्ष्यांसाठी वापरा. धरण शंभर टक्के भरलं असेल तर डिसेंबरात घाई करू नका, फेब्रुवारीत या. पाऊस कमी झाला असेल तर नोव्हेंबरातच काठ उघडा असतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात नाथसागराचा तळ उघडा पडला होता. उरलेल्या डबक्यांवर पक्ष्यांची इतकी दाटी मी आधी पाहिली नव्हती. मी एकालाही घेऊन गेलो नाही. काठावरच्या बायका त्याच पाण्यासाठी घागरी घेऊन चालत होत्या, तिथं दुर्बिणी लावून उभं राहणं मला जमलं नसतं.

एका ओळीच्या चुका

पांढरे, लाल, पिवळे कपडे. मातकट शर्ट घाला, जुना असेल तर उत्तमच.

दहाच्या पुढं लांबचे पक्षी ओळखायचा हट्ट. पाण्यावर झळ उठली की कुठलाही चिखल्या कुठलाही दिसतो. चहा प्या, वही पूर्ण करा.

नवी साठपट टेलिस्कोप आणि तिला हलका तिवई स्टँड. वाऱ्यात ती थरथरते आणि साठपट थरथर दिसते. मी वीस-पंचवीसच्या पुढं क्वचित जातो, आणि स्टँडच्या मधल्या हुकाला पाण्याची भरलेली पिशवी टांगतो. नवशिक्यानं 8×42 ची दुर्बीण घ्यावी आणि दोन हिवाळे तीच वापरावी.

गमबूट. चिखलात बूट राहतो आणि पाय बाहेर येतो. जुने कॅनव्हासचे बूट नाडी आवळून घाला.

फक्त डिसेंबरात जाणं. वेडर, म्हणजे चिखलात-उथळ पाण्यात चालून चरणारे पक्षी, ऑगस्टच्या शेवटापासून यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत असतात. एप्रिलमध्ये वाळू चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढलेला असतो. डिसेंबरात करडा, निस्तेज दिसलेला हाच का तो पक्षी, असं वाटतं. तेव्हा किनाऱ्यावर गर्दीही नसते.

पावसाळ्यात वादळानंतर खडकांवर जाणं. खोल समुद्रातले पक्षी तेव्हा भरकटून किनाऱ्यावर येतात हे खरं आहे. पण ते थकलेले असतात, त्यांच्या मागं धावू नका. वाळूत बसून राहिलेला दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि कुत्री लांब ठेवा.

"दुर्मिळ दिसला!" म्हणून आधी ओरडणं

याच्यावर मी कितीही बोलू शकतो, कारण यात नुकसान फक्त बघणाऱ्याचं होत नाही.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. चांगला उपक्रम आहे, त्यात शाळेची पोरं पहिल्यांदा दुर्बीण हातात धरतात. अशाच एका सप्ताहात नाथसागराच्या काठावर दोन तरुणांना एक पक्षी दिसला. बदामी रंगाचा, पाय पिवळसर, डोकं लहान, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी. त्यांनी फोटो काढला, मोबाईलच्या ॲपला दाखवला. ॲपनं वरचं नाव दिलं बफ-ब्रेस्टेड सँडपायपर, अमेरिकेकडची तुतारी, जी आपल्याकडं अगदी क्वचित भरकटून येते. त्यांनी पुढचा एक मिनिटही न थांबता फोटो, नाव आणि नकाशावरची जागा दहा ठिकाणी पाठवली.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा बांधाला मोटारी लागल्या होत्या, पुण्याच्या, नाशिकच्या. तीस-पस्तीस माणसं कॅमेरे घेऊन ओळीनं गाळपेरातून चालत होती. हरभरा नुकता उगवला होता, दोन-दोन बोटं वर आलेला. आठवडाभरापूर्वी उतरलेला पट्टकादंब हंसांचा थवा, सत्तरेक तरी असतील, पहिल्याच धांदलीत उठून गेला होता. हे हंस हिमालय ओलांडून येतात. ज्या शेतात उतरतात तिथं चार दिवस शांतता मिळाली तर हिवाळाभर राहतात.

पक्षी मला दुपारी साडेतीनला दिसला. तो रफ होता, हिवाळ्यात आपल्याकडं नेहमी येणारी तुतारी. रफची तरुण मादी. एकटी नव्हती, पलीकडच्या डबक्यात तिचे अकरा भाऊबंद होते.

त्या पोरांवर मी ओरडलो नाही. रफनं भल्याभल्यांना फसवलं आहे. नर आणि मादी यांच्या आकारात इतका फरक की दोन वेगळे पक्षी वाटावेत. मोठ्यांचे पाय नारिंगी, लहानांचे हिरवट पिवळे. पिसारा हंगामाप्रमाणं वेगळा. म्हणूनच मी सांगतो की रफ आधी पाठ करा. लहान डोकं, लांब मान, फुगलेलं पोट, किंचित खाली वळलेली चोच, आणि उडाला की शेपटीच्या बुडाशी दोन बाजूंना दोन पांढरे लंबगोल डाग. त्या दोघांनी पक्षी उडेपर्यंत दहा मिनिटं वाट पाहिली असती, तर ते डाग दिसले असते आणि सगळं तिथंच थांबलं असतं. पण दहा मिनिटं कुणाकडं नसतात. आधी माझं नाव लागलं पाहिजे, याची घाई असते. ही घाई मला सहन होत नाही, आणि ती घाई करणाऱ्याला मी दुसऱ्यांदा सोबत नेत नाही.

शेतमालक संध्याकाळी बांधावर आले. भांडले नाहीत. तुडवलेल्या ओळी बघत एवढंच म्हणाले, "तुमचं पाखरू घावलं का? आमचा हरभरा मात्र गेला भाऊ." काय उत्तर देणार? आम्ही उरलेल्या पाच-सहा जणांनी पैसे गोळा केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्या रात्री मी घरी जेवलो नाही.

माझी सवय आता अशी आहे. वेगळा पक्षी दिसला की मोबाईल खिशातच. वहीत आधी पाच गोष्टी लिहायच्या: टिटवीपेक्षा लहान की मोठा, चोच डोक्याच्या लांबीपेक्षा आखूड की लांब, पायांचा रंग, उडताना पंखावर आणि शेपटीवर काय दिसलं, आवाज कसा. मग फोटो. मग पुस्तक. ॲप सगळ्यात शेवटी, आणि ते दुसरं मत म्हणून. इतकं करूनही पक्षी दुर्मिळच ठरला, तर दोन जाणत्या माणसांना फोन. जागा जाहीर करायच्या आधी शेतमालकाला विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर करायची नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद महिन्याभरानं टाकली तरी नोंद नोंदच राहते.

आणि टिटवी म्हटलं ते मुद्दाम. टिटवी, शेकाट्या, ठिपकेवाली तुतारी, धोबी हे आपल्या गावच्या पाझर तलावावरही भेटतात. एक अख्खा हिवाळा गावचं तळं दर रविवारी बघा. शंभर ठिपकेवाल्या तुताऱ्या बघितलेल्या माणसाला एकशे एकावी वेगळी असली तर लगेच खुपते. हे सोडून थेट आक्षीला जाऊन छोटा वाळू चिखल्या की मोठा यावर वाद घालणारी माणसं मी दर वर्षी बघतो. तो वाद वीस-वीस वर्षं बघणाऱ्यांचाही मिटत नाही.

कुरवांचंही तसंच. काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव, दोघांचीही डोकी हिवाळ्यात पांढरी असतात, डोळ्यामागं एक गडद ठिपका तेवढा उरतो. नावावर जाऊ नका. डोळा बघा: तपकिरीवाल्याचा फिकट, काळ्यावाल्याचा गडद. आणि पंखाचं टोक बघा: तपकिरीवाल्याच्या काळ्या टोकात पांढरे आरसे असतात.

कुरवांना शेव-गाठी टाकणं

मुंबईहून बोटीनं जाताना हे हमखास दिसतं. लोक हात वर करून शेव, चिप्स धरतात, कुरव हातातून उचलतात, लेकरं टाळ्या पिटतात. माझ्या सोबतच्या कुणी हे केलं तर मी हात धरतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते, ती मासळीनं साठते, तळणानं नाही. लेकराला टाळ्याच पिटायच्या असतील, तर सुरय पाण्यात सूर मारून मासा उचलतो तो दाखवा.

थव्यावर ड्रोन उडवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. सरळ वनरक्षकाला फोन लावतो.

परतीची वाट न बघता चिखलात शिरणं

खाडीत पाणी समोरून येतं असं आपल्याला वाटतं. ते आधी मागून येतं. किनारा आणि तुम्ही यांच्यामध्ये जी चर असते, जी जाताना घोट्याएवढी होती, ती पहिली भरते. तुम्ही दुर्बिणीत डोळा घालून उभे असता आणि पाठीमागं कमरेएवढं पाणी झालेलं असतं. शिवडीसारख्या ठिकाणी तर चिखल गुडघ्यापर्यंत घेतो, तिथं उतरूच नका. वाळूच्या किनाऱ्यावर आत जायचंच असेल तर तिथल्या कोळ्याला विचारून, ओहोटी सुरू असतानाच जायचं, आणि ओहोटी संपायच्या अर्धा तास आधी परत फिरायचं. आपली पोरं विहिरीत पोहलेली असतात, त्यांना पाण्याची भीती नसते. म्हणून हे मी गाडीतच एकदा आणि किनाऱ्यावर एकदा, असं दोनदा सांगतो.

पायातली कडी न वाचणं

हे सगळ्यात दुर्लक्षित आहे. थव्यात एखाद्या पक्ष्याच्या पायात कडी किंवा रंगीत झेंडी असते, हंसाच्या मानेत पट्टी असते. लोक त्याचा फोटो काढतात आणि "टॅग होता" एवढंच सांगतात. टॅगवर काय लिहिलं होतं? कोणत्या पायात? गुडघ्याच्या वर की खाली? झेंड्या दोन असतील तर वरची कुठल्या रंगाची? देशादेशांचे रंग वेगळे ठरलेले आहेत, त्यामुळं अक्षरं वाचता आली नाहीत तरी रंगांवरून पक्षी कुठं पकडला होता ते कळू शकतं. डावा-उजवा हा पक्ष्याचा लिहायचा, आपला नाही. ही नोंद बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, पाठवायची. मुंबईची ही संस्था 1883 पासून काम करते आहे आणि पक्ष्यांना कड्या घालण्याचं काम तिनं अनेक दशकं केलं आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गाळपेराच्या कडेला मी पालथा पडून होतो, कोपराखाली ओली माती, समोर पस्तीस-चाळीस पट्टकादंब. एकाच्या मानेत हिरवी पट्टी, पांढरी अक्षरं. पण हंस चरताना मान खाली घालतो आणि गव्हाच्या पातीत पट्टी झाकली जाते. मान वर केली की तीन सेकंद मिळतात, त्यात तो वळलेला असतो. पहिलं अक्षर वीस मिनिटांनी मिळालं. चौथं मिळायला दीड तास लागला. तेवढ्यात तो एकदा माझ्याकडं सरळ बघत राहिला, डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्या, चोचीला चिकटलेला हिरवा गव्हाचा तुकडा. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पट्टी मंगोलियात घातलेली होती.

ते उत्तर मी छापून घेतलं आणि ज्यांचा हरभरा तुडवला गेला होता त्यांना नेऊन दिलं, कारण हा हंस त्यांच्याच रानाच्या बांधाला चरत होता. त्यांनी ते नातवाकडून दोनदा वाचून घेतलं. गेल्या हिवाळ्यात नोव्हेंबरच्या शेवटी पहाटे सहाला त्यांचाच फोन आला. "पट्टीवाली उतरलीया. एकटेच या, आणि बांधावरनं या."